हँडब्रेक परत परत सैल पडतो? मागच्या डिस्कची केबल आवळण्याआधी हे तपासा

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने येते. मागचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणारा भाग) बदलले किंवा मोठे बसवले, पॅड नवे, डिस्क नवी. पहिले काही दिवस हँडब्रेक चौथ्या-पाचव्या क्लिकला पक्का धरतो. मग सातव्याला, मग नवव्याला, आणि दोन महिन्यांत हँडब्रेकचा दांडा जवळजवळ उभा राहतो तरी गाडी सोसायटीच्या रॅम्पवर मागे सरकते. गॅरेजमध्ये नेली की कन्सोलखालचा, केबल ताणणारा नट चार फेरे आवळून मिळतो. पंधरा दिवस बरे जातात, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला नट आवळल्यावर एका चाकाजवळून जळका वास यायला लागतो.

हा दोष केबलचा क्वचितच असतो. केबल आवळणं हाच बऱ्याचदा दोष असतो. तो कसा, हे कळायला कॅलिपरच्या आत काय चालतं ते आधी पाहावं लागेल.

आधी ओळखा, तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे

मागे डिस्क असलेल्या गाड्यांत पार्किंग ब्रेक तीन प्रकारांनी दिलेला असतो आणि तिघांचे उपाय वेगळे.

पहिला प्रकार: कॅलिपरच्या पाठीमागे एक लोखंडी लिव्हर, त्याला स्प्रिंग, आणि त्यात हँडब्रेकची केबल अडकवलेली. पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही एकाच पिस्टनवर (पॅडला ढकलणारा दट्ट्या) काम करतात. स्कोडा लॉरासारख्या गाड्यांत हा प्रकार आहे, आणि वर सांगितलेली तक्रार मुख्यतः याचीच. हा लेखही मुख्यतः यावरच आहे.

दुसरा: कॅलिपरवर केबल नाही. डिस्कच्या मधल्या टोपीत छोटा ड्रम आणि त्यात दोन शू. मोठ्या, लॅडर (शिडीसारख्या) चेसिसच्या एसयूव्हींमध्ये जास्त दिसतो.

तिसरा: इलेक्ट्रॉनिक. बटण दाबलं की कॅलिपरवरची मोटर घरघरते. याच्या पिस्टनला पाना लावण्याआधी खाली त्याचा भाग वाचा, नाहीतर नवा कॅलिपर घ्यावा लागेल.

केबल आवळल्याने काय बिघडतं

पहिल्या प्रकारात लिव्हर फिरला की आतल्या तिरक्या खाचांतून गोळ्या वर चढतात आणि एक रॉड पुढे ढकलली जाते. रॉड पिस्टनला दाबते. पण पॅड झिजत जातात, पिस्टन पुढे पुढे सरकत जातो, आणि रॉडची हालचाल मात्र जेमतेम काही मिलिमीटरची. म्हणून पिस्टनच्या आत आट्यांवर फिरणारा एक समायोजक नट असतो. पायाचा ब्रेक जोरात दाबला, पिस्टन ठरावीक अंतरापेक्षा जास्त पुढे गेला की हा नट आपोआप फिरून मधली पोकळी भरून काढतो. बहुतेक गाड्यांत ही रचना पायाच्या ब्रेकवर चालते, हँडब्रेकवर नाही.

आता अट एकच आहे: हँडब्रेक सोडलेला असताना कॅलिपरवरचा लिव्हर आपल्या थांब्याला (परत येताना तो जिथे अडतो तो उंचवटा) पूर्ण टेकलेला हवा. केबल आवळून ठेवली की लिव्हर थांब्यापासून सुटून अर्धवट फिरलेल्या अवस्थेत राहतो. रॉड आधीच पुढे सरकलेली. समायोजक त्या खोट्या जागेपासून अंतर मोजतो आणि त्याला वाटतं, पोकळी भरलेली आहे. तो फिरतच नाही. पॅड झिजतात, क्लिक वाढतात, पुन्हा केबल आवळली जाते, लिव्हर आणखी फिरलेला राहतो. लिव्हरची एकूण फेर ठरावीकच असते. तिच्यातली अर्धी अशी आधीच खर्च झाली की उरलेल्या अर्ध्यात पॅड डिस्कला नीट चावत नाहीत. आणि शेवटी पॅड मोकळे सुटतच नाहीत. जळका वास तिथून येतो.

म्हणून गाडीखाली वाकलात की पहिली नजर लिव्हर आणि थांबा यांच्यातल्या फटीवर. हँडब्रेक पूर्ण खाली असताना तिथे 2 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर बाकी कशाचाही विचार करण्याआधी केबल ढिली करा.

दोष केबलमध्ये की कॅलिपरमध्ये: पंधरा मिनिटांची तपासणी

सपाट जमीन, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. मागची चाकं काढा, हँडब्रेक पूर्ण सोडा. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग) फिरवून बघताना गिअर न्यूट्रलला घ्या.

कन्सोलखालचा समायोजन नट इतका ढिला करा की दोन्ही केबली लोंबकळतील. मग केबलचं टोक कॅलिपरच्या लिव्हरमधून काढा आणि लिव्हर हाताने किंवा छोट्या पक्कडीने फिरवून सोडा. तो खटकन थांब्यावर परत आला पाहिजे. आळसावून, हळूहळू येत असेल किंवा मध्येच अडकत असेल तर लिव्हर ज्यावर फिरतो तो कॅलिपरचा शाफ्ट गंजलाय. शाफ्टवरचं रबरी सील फाटलं की पावसाळ्यात पाणी आत जातं. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांत हे लवकर दिसतं. वरून फवारा मारून लिव्हर सैल झाला तरी तो तात्पुरताच. सील किट मिळत असेल तर शाफ्ट काढून साफ करा, नाहीतर कॅलिपर बदला. बाहेरून जादाची स्प्रिंग लावून लिव्हर ओढून धरण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. त्याने जाम शाफ्ट सुटत नाही, फक्त दोष दिसेनासा होतो.

लिव्हर झटकन परत येतोय? मग केबल. मोकळं टोक पकडून आतली तार पुढे-मागे करा. खरखर, चिकटून बसणं किंवा टोकाच्या रबरी बूटमधून लाल पाणी निघणं, यातलं काहीही दिसलं तर केबल गेली. दोन्ही बाजूंच्या एकदम बदला. एकच नवी टाकली की तोल साधणारी मधली पट्टी तिरकी होते आणि एक चाक आधी धरतं. केबलमध्ये इंजिन ऑइल ओतू नका. आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर धूळ धरून ते महिन्याभरात लगदा बनतं.

दोन्ही ठीक असतील तर प्रश्न पॅड, पिन आणि पिस्टनच्या बसवणीत आहे, आणि कॅलिपर नुकताच बदललेला असेल तर तिथेच असण्याची शक्यता जास्त.

पिस्टन दाबायचा नसतो, फिरवायचा असतो

पुढच्या कॅलिपरची सवय झालेला हात मागच्यालाही शिकंजा लावून पिस्टन आत दाबतो. केबलच्या प्रकारात पिस्टन आतल्या आट्यांवर बसलेला असतो. जोराने दाबला तर समायोजकाचे आटे किंवा त्याची स्प्रिंग तुटते. असा कॅलिपर पायाच्या ब्रेकला ठणठणीत चालतो आणि हँडब्रेकला कधीच धरत नाही. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून लोक केबल बदलत बसतात.

पिस्टनच्या तोंडावर दोन किंवा चार खाचा असतात. त्यांत बसणारा पिस्टन फिरवायचा टूल-सेट घ्या. हलका दाब देत फिरवा. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेने आत जातो, पण काहींत डाव्या आणि उजव्या कॅलिपरचे आटे उलटसुलट असतात. दोन फेऱ्यांत आत सरकला नाही तर दिशा तपासा, जोर वाढवू नका. रबरी बूट पिस्टनबरोबर पिळला जात असेल तर थांबून तो बोटाने सरळ करा. पिळलेला बूट पिस्टनला परत ओढत राहतो.

फिरवण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढून घ्या. पिस्टन आत गेला की टाकी भरून वाहते, आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर पत्र्यापर्यंत रंग उचलतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. नुसतं कापडाने पुसल्याने काम भागत नाही.

आता ती गोष्ट जी सगळ्यात जास्त वेळा चुकते. अनेक गाड्यांत आतल्या पॅडच्या पाठीवर एक छोटी खुंटी असते. ती पिस्टनच्या तोंडावरच्या खाचेत बसलीच पाहिजे. खाच थोडी जरी फिरलेली राहिली तरी खुंटी कडेवर टेकते आणि पॅड तिरका बसतो. मग तीन गोष्टी होतात: पॅड पाचरीसारखा झिजतो, पायाचा ब्रेक किंचित स्पंजी लागतो, आणि समायोजक नट फिरताना पिस्टनही त्याच्यासोबत फिरतो. खुंटीचं काम पिस्टनला फिरू न देणं हेच तर आहे. पिस्टन फिरला की समायोजन शून्य. म्हणून पॅड बसवल्यावर आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा आत घालून खुंटी खाचेत गेली का ते बघा. हे एक मिनिटाचं काम सोडून दिल्यामुळे पुढची सगळी मेहनत वाया गेलेल्या गाड्या पुष्कळ असतात.

पिन आणि ब्रॅकेट

तरंगत्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतो. बाहेरच्या पॅडला दाब मिळतो तो कॅलिपर दोन पिनांवर सरकल्यामुळे. पिन सुकली की आतला पॅड एकटाच झिजतो. पॅड काढल्यावर आतला 3 मिमी आणि बाहेरचा 7 मिमी दिसला, तर पिन अडकलीये असं समजा. आणखी पुरावा नको.

पिन काढा, जुनं ग्रीस ब्रेक क्लीनरने पूर्ण धुवा, पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पिन बदला. पॉलिश पेपरने घासून वापरलेली पिन पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जाम होते. ग्रीस फक्त ब्रेकसाठीचं, सिलिकॉन किंवा सिंथेटिक. बेअरिंगचं पिवळं-लाल ग्रीस खनिज तेलाचं असतं. कॅलिपरचं रबर त्यात फुगतं आणि पिन आतल्या आत आवळली जाते. रॉकेल, पेट्रोल, डिझेल हेही याच कारणाने नको. ग्रीसही बेताने: पिनेवर पातळ थर पुरे. भोकात ठासून भरलं तर हवा अडकते आणि कॅलिपर स्प्रिंगसारखा परत उसळतो.

काही कॅलिपरमध्ये दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबरी नळी असते. ती वर की खाली हे कंपनीने ठरवलेलं असतं, काढतानाच खूण करा.

पॅड ज्या स्टीलच्या क्लिपांवर सरकतात त्या काढून त्यांच्याखालचा ब्रॅकेटचा (कॅलिपर आणि पॅड धरणारी चौकट) भाग वायर ब्रशने चकचकीत करा. गंज क्लिपला खालून उचलतो आणि पॅडची जागा अर्ध्या मिलिमीटरने अरुंद होते. नवा पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागला, तर तो सुटणारही नाही. पॅड बोटांच्या दाबाने सरकला पाहिजे.

मोठा कॅलिपर बसवताना

आता अपग्रेडबद्दल, कारण बऱ्याच गाड्यांत तक्रार तिथून सुरू होते.

समजा 38 मिमीच्या पिस्टनऐवजी 41 मिमीचा घेतला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं: 1134 चौरस मिमीवरून 1320, म्हणजे तेवढ्याच दाबाला मागच्या चाकांवर सुमारे 16 टक्के जास्त जोर. ऐकायला छान वाटतं, पण ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. मागचं चाक पुढच्याआधी लॉक झालं तर गाडीची शेपूट फिरते. कसारा घाटातल्या ओल्या वळणावर हे परवडणारं नाही. ज्यांच्या गाडीत एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि मागच्या-पुढच्या दाबाचं इलेक्ट्रॉनिक वाटप आहे त्यांना थोडी मोकळीक असते. नसेल तर फक्त मागचे मोठे करू नका. थांबण्याचं अंतर कमी करायचं असेल तर पैसे आधी चांगल्या टायरवर आणि पुढच्या पॅडवर घाला.

शहाणपणाचा मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा संच: कॅलिपर, ब्रॅकेट, डिस्क आणि केबल एकत्र. डिस्कचा व्यास कॅलिपरने नाही, ब्रॅकेटने ठरतो. मोठ्या डिस्कला लहान ब्रॅकेट बसत नाही, आणि लहान डिस्कवर मोठं ब्रॅकेट लावलं तर पॅडचा वरचा काठ डिस्कच्या बाहेर राहून तिथे ओठ तयार होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत बदलांबद्दल आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीला हा मुद्दा काढता येतो, हेही डोक्यात असू द्या.

सामान जमवताना यादी अशी धरा: डावा आणि उजवा कॅलिपर, दोन ब्रॅकेट, दोन डिस्क, चार पॅडचा एक संच, नव्या क्लिपा, चार पिना आणि त्यांचे चार बूट, ब्रॅकेटचे चार नवे बोल्ट, बँजो बोल्टचे (होस कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) चार तांब्याचे वायसर, प्रत्येक बाजूला दोन, 1 लिटर सीलबंद ब्रेक ऑइल, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, ब्रेक ग्रीसची छोटी ट्यूब. तांब्याचा वायसर एकदाच दबतो. जुना परत वापरला तर तिथून ऑइल झिरपतं आणि लोक बोल्ट आवळून बँजोचे आटे उडवतात.

बसवल्यावर तीन ठिकाणी नजर टाका. व्हील आणि कॅलिपर यांच्यात किती जागा उरते: कॅलिपरवर मळलेल्या कणकेची गोळी चिकटवून चाक बसवा, हळू एक फेरा द्या, काढून कणकेची जाडी बघा; 3 मिमीपेक्षा कमी नको. ब्रेकचा रबरी होस: चाक पूर्ण लोंबकळताना ताणला जातो का, आणि सस्पेन्शन दबल्यावर कशाला घासतो का. तिसरी, हँडब्रेकची केबल. मोठ्या ब्रॅकेटवर कॅलिपर बाहेर सरकतो, जुनी केबल तोकडी पडते, आणि नट पूर्ण ढिला करूनही लिव्हर थांब्याला टेकत नाही. इथूनच ते जुनं चक्र सुरू होतं, यावेळी नव्या कोऱ्या कॅलिपरवर. केबल तोकडी असेल तर बदला. थांबा घासून कमी करू नका.

बोल्ट किती आवळायचा याचे आकडे गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नको. पिनेचा बोल्ट आणि ब्रॅकेटचा बोल्ट यांच्या टॉर्कमध्ये दुपटी-तिपटीचा फरक असतो, आणि दोन्हींना एकाच जोराने पाना मारला की एक तुटतो नाहीतर दुसरा सुटतो.

डिस्क बसवण्याआधी हबचा चेहरा वायर ब्रशने साफ करा. हबवर गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क लचकते आणि पेडल थरथरतं. डायल गेज असेल तर फिरताना डिस्क किती लचकते ते कडेपासून 10 मिमी आत मोजा. बहुतेक गाड्यांत 0.05 ते 0.10 मिमीपर्यंत चालतं. जुनीच डिस्क ठेवणार असाल तर किमान जाडीचा आकडा तिच्या कडेवर किंवा टोपीवर कोरलेला असतो. सातपूर-अंबडला लेथवर घासून देणारे आहेत, पण मागच्या सॉलिड डिस्कमध्ये घासायला मुळात मांस कमी असतं. घासून किमान आकड्याच्या जवळ जाणार असेल तर सरळ नवी घ्या.

पेडल खोल जातंय? डावा-उजवा बघा

कॅलिपर बदलल्यावर पेडल खोल गेलं की ‘पिस्टन मोठा आहे ना, म्हणून’ असं उत्तर मिळतं. हिशोब करून बघा. 38 वरून 41 केल्यावर दोन्ही पिस्टन मिळून 372 चौरस मिमी वाढले. पिस्टन साधारण 0.3 मिमी सरकतो असं धरलं तर सुमारे 112 घन मिमी जास्त ऑइल लागतं. 22 मिमीच्या मास्टर सिलिंडरला (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा सिलिंडर) त्यासाठी 0.3 मिमी जास्त जावं लागेल, आणि पेडलचं प्रमाण चारपट धरलं तर पायाखाली फरक सव्वा मिलिमीटरच्या आसपास. एक इंच खोल जाणाऱ्या पेडलचं कारण हे असूच शकत नाही. तिथे हवा आहे.

आणि कितीही वेळा काढली तरी हवा संपत नसेल तर निपल (हवा बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू) कुठे आहे ते बघा. निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या भागात हवं. डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निपल खाली जातं, हवा वर अडकून राहते, आणि अख्खा डबा ऑइल ओतलं तरी पेडल कडक होत नाही. बोल्ट दोन्हीकडे सारखेच बसतात, त्यामुळे ही चूक पटकन होते. वापरलेले कॅलिपर जुन्या बाजारातून आणले असतील तर दोन्ही एकाच बाजूचे निघण्याचीही शक्यता असते. दुकानातच शेजारी ठेवून बघा, ते एकमेकांचं प्रतिबिंब दिसले पाहिजेत.

हवा काढायचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगला मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांब असतं मागचं डावं चाक, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत सुरुवात तिथून होते. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका; एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर ती बाहेर काढायला अनेकदा स्कॅनरच लागतो. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील कधी पोचतच नाही तिथे गंज साठलेला असतो, आणि पेडल तळापर्यंत मारलं की तो सीलला कापतो.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच. डॉट 4 प्रतीच्या ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर किमान 155. उघडा राहिलेला डबा पावसाळ्यात झपाट्याने दुसऱ्या आकड्याकडे जातो. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं, डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळायचं नाही. नाव सारखं असलं तरी डॉट 5.1 वेगळं, ते डॉट 4 च्याच कुळातलं.

केबल कधी आणि किती आवळायची

सगळं बसलं, हवा गेली. आता क्रम उलटा करू नका.

केबली ढिल्याच ठेवा. दोन्ही लिव्हर थांब्यावर आहेत ना, पुन्हा बघा. गिअर न्यूट्रलला घेऊन, इंजिन चालू करून पायाचा ब्रेक सावकाश, ठाम, 25 ते 30 वेळा दाबा आणि प्रत्येक वेळी पूर्ण सोडा. घाईघाईने फडफड मारली तर समायोजकाला फिरायला वेळ मिळत नाही. या दरम्यान पेडल वर येऊन कडक होतं. मग इंजिन बंद करा, दोन्ही डिस्क हाताने फिरवा. हलकी घासट चालते, अडकणं नाही.

आता कन्सोलखालचा नट थोडा थोडा आवळा. एक माणूस मागे लिव्हरकडे बघत बसलेला हवा. ज्या क्षणी लिव्हर थांब्यापासून सुटायला लागेल तिथे थांबा आणि तो जेमतेम टेकेल इतकं परत ढिलं करा. काही कंपन्या 1 मिमीपर्यंत फट मान्य करतात. मॅन्युअलमध्ये तसं असेल तर तेवढीच ठेवा. दोन्ही बाजू एकाच वेळी सुटत नसतील तर मधली पट्टी तिरकी आहे किंवा एक केबल ताणलेली आहे.

हँडब्रेक तीन-चार वेळा पूर्ण ओढून सोडा, पुन्हा फट बघा. पहिल्या-दुसऱ्या क्लिकला चाक जड लागायला हवं, चौथ्या ते सातव्यापर्यंत पक्कं धरायला हवं. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. इथे नऊ क्लिक येत असतील तर नटाला पुन्हा हात लावू नका. आधी आणखी 20 वेळा पेडल. तरीही नऊच, तर समायोजक काम करत नाही: खुंटी-खाच, नाहीतर आतून तुटलेला नट.

एकच चाक तापतं

दहा-बारा किलोमीटर चालवून, ब्रेक कमीत कमी वापरून, गाडी थांबवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही मागच्या डिस्क मोजा. हात लावून बघू नका. एक दुसरीपेक्षा 30-40 अंशांनी गरम असेल तर ते चाक सुटत नाहीये.

गाडी उचला, ते चाक फिरवत हँडब्रेकची केबल कॅलिपरमधून काढा. चाक सुटलं तर केबल. नाही सुटलं तर निपल पाव फेरा उघडा. ऑइलची छोटी चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर आत दाब अडकला होता. जुना रबरी होस आतून सुजला की असं होतं: पेडलचा जोर ऑइलला आत ढकलतो, परत यायला मात्र जोर नसतो. बाहेरून होस अगदी नवा दिसू शकतो. निपल उघडूनही चाक जड, तर मग पिन, पॅडच्या क्लिपा किंवा पिस्टन.

शू असलेल्या गाड्या आणि बटणवाल्या गाड्या

डिस्कच्या टोपीत शू असलेल्या प्रकारात शू फारसे झिजत नाहीत, कारण चालत्या गाडीत ते सहसा वापरलेच जात नाहीत. तिथे बिघाड बहुधा दोनच: अस्तर पत्र्यापासून सुटणं, किंवा शू आणि ड्रममधली फट भरून काढणारं दातेरी चाक कधीच न फिरवणं. डिस्कच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून दातेरी चाक डिस्क अडेपर्यंत फिरवा, मग मॅन्युअलमध्ये दिले तितके दाते परत. अनेक ठिकाणी हा आकडा आठच्या आसपास असतो. केबल त्यानंतर.

इलेक्ट्रॉनिक प्रकारात पिस्टन फिरवायचा नसतो, सरळ मागे ढकलायचा असतो, तोही मोटरने आतला नट मागे घेतल्यावरच. त्यासाठी स्कॅनरने किंवा कंपनीने दिलेल्या पद्धतीने सर्व्हिस मोड लावा. मोटर पुढे असताना शिकंजा लावला की गिअर तुटतात. बॅटरी अशक्त असेल तर काम सुरूच करू नका. मोटर अर्ध्यात थांबते. मोटरला थेट बॅटरीच्या तारा लावून मागे घेणारेही आहेत; ती कुठे थांबवायची हे तारेला कळत नाही. काम झाल्यावर सर्व्हिस मोडमधून बाहेर येऊन कॅलिब्रेशन करा, नाहीतर डॅशवरचा दिवा जात नाही. काही गाड्यांत बटण असूनही मागे केबलच असते, मोटर मधल्या युनिटमध्ये. त्यांना वरचे केबलचे नियम लागू.

चाचणी कुठे आणि कशी

नवे पॅड बसू द्यावे लागतात. सकाळी लवकर मोकळा रस्ता बघा, मागे कोणी नाही याची खात्री करा, 60 च्या वेगावरून 15 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा-एक किलोमीटर थंड होऊ देत. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.

मग उतार. प्रवासी गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमात, म्हणजे आर 13-एचमध्ये, पूर्ण भरलेली गाडी 20 टक्के चढावर किंवा उतारावर, म्हणजे पाच मीटरला एक मीटर, पार्किंग ब्रेकवर थांबली पाहिजे असं आहे, आणि हातावर 400 न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. तुमच्या इमारतीच्या तळघराचा रॅम्प 1:8 असेल तर तो साडेबारा टक्केच. रिकामी गाडी तिथेही सरकत असेल तर ब्रेक खूपच मागे आहे. तोंड वर आणि तोंड खाली, दोन्हीकडून बघा, आणि पाय पेडलच्या वर ठेवून.

एक प्रकार मात्र दोष नसूनही दोषासारखा दिसतो. सप्तशृंगी गडावरून नांदुरीपर्यंतचा घाट ब्रेक मारत उतरलात, पायथ्याला हँडब्रेक लावून चहाला गेलात, आणि दहा मिनिटांत गाडी हातभर सरकली. तापलेल्या डिस्क आणि पॅड थंड होताना आकसतात, हँडब्रेक मात्र त्याच क्लिकवर राहतो, त्यामुळे केबलचा ताण उतरतो आणि पकड कमी होते. अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, आणि थोड्या वेळाने हँडब्रेक आणखी एक क्लिक ओढा. घाट उतरताना खालचा गिअर ठेवला असता तर डिस्क इतकी तापलीच नसती.

500 किलोमीटरनंतर एकदा लिव्हर आणि थांब्यातली फट पुन्हा बघा. पावसाळ्यात गाडी धुतल्यावर किंवा चार-पाच दिवस उभी ठेवताना हँडब्रेक लावू नका. सपाट जागी गिअर आणि ठोकळे पुरतात. ओला पॅड डिस्कला चिकटला तर सकाळी निघताना ‘टक’ असा आवाज येतो आणि पॅडच्या आकाराचा गंजाचा डाग डिस्कवर दिसतो. तो पहिल्या दहा-बारा ब्रेकमध्ये निघून गेला तर काही बिघडलेलं नाही.